हिमप्रदेशातील सायकल : मौज आणि व्यवस्था

महाराष्ट्रात सायकल चालविण्यास सर्वांत सुखद ऋतू कोणता, असे विचारल्यास बहुतेकजण हिवाळ्याचेच नाव घेतील. मार्गशीर्ष-पौषातील सकाळी कानांना मफलर गुंडाळून गावाबाहेरच्या रस्त्याने निघावे, दोन्ही बाजूंच्या हरभऱ्यावर दव असावे आणि पहिला मैल संपेतो अंगात ऊब यावी, हा अनुभव खेड्यापाड्यांतील असंख्य शिक्षकांच्या, ग्रामसेवकांच्या व विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. निफाडसारख्या ठिकाणी पारा ५ अंशांच्या खाली उतरला की वृत्तपत्रांत त्याची बातमी होते. पण तेथेही रस्ता कोरडाच असतो आणि सायकल घराबाहेर पडतेच.

पृथ्वीच्या उत्तरेकडील हिमप्रदेशांत परिस्थिती अगदी उलट आहे. तेथे हिवाळा म्हणजे पाच-पाच महिने रस्त्यावर बर्फ, दुपारीच पडणारा अंधार आणि शून्याखाली १० ते २० अंश तपमान. अशा अनेक देशांत शरद ऋतू सरताच सायकल कोठीत टांगून ठेवण्याची व वसंत ऋतूत ती पुन्हा खाली उतरविण्याची प्रथा आहे. परंतु त्याच हवामानात असेही एक नगर आहे, की जेथे मुले बर्फावरून सायकलीने शाळेत जातात, वृद्ध बाजारहाट करतात आणि सुटीच्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे केवळ मौजेखातर सायकलीवरून फिरावयास निघतात. हे नगर म्हणजे फिनलंडमधील ओउलू होय. तेथील लोक इतरांहून अधिक काटक आहेत, म्हणून हे घडते काय, की त्यामागे काही वेगळे कारण आहे? सार्वजनिक कामाशी ज्यांचा संबंध येतो, त्यांनी या प्रश्नाचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

साहसाचा काळ

बर्फावरील सायकलीचा इतिहास साहसाने सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि पाठोपाठ अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम येथेही सोन्याचा शोध लागला. डॉसन ते नोम हे अंतर १,६०० किलोमीटरहून अधिक. मधला मार्ग म्हणजे गोठलेली युकॉन नदी. सामान्यतः लोक कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी हा प्रवास करीत. १९०० साली काही धाडसी माणसांनी मात्र तो चक्क सायकलीवरून केला. घसरगाड्यांनी बर्फात पाडलेल्या अरुंद, टणक चाकोरीतून ते सायकल हाकीत. एड जेसन या प्रवाशाला बेअरिंगमधील तेल गोठण्याच्या अडचणीस तोंड द्यावे लागले. मॅक्स हर्शबर्ग याच्या सायकलीची साखळी प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात तुटली, तेव्हा त्याने आपला जाड कोट शिडासारखा वाऱ्यावर धरला आणि वाऱ्याच्या जोरावर तो बर्फावरून पुढे सरकला.

या कथा मनोरंजक आहेत. पण त्यांतून समाजाला प्रवासाचे साधन मिळाले नाही. लाखांत एखाद्यालाच साधणारी गोष्ट पराक्रम म्हणून गौरविली जाते. ती आठ वर्षांच्या मुलीला व सत्तर वर्षांच्या आजोबांना सहज साधू लागली, म्हणजे तिला सोय म्हणावे लागते. ओउलूचे वैशिष्ट्य हे, की तेथे पराक्रमाची सोय झाली.

ओउलू नगरीचा परिचय

ओउलू हे फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोथनियाच्या आखाताच्या काठी, ओउलूयोकी नदीच्या मुखाशी वसलेले आहे. अक्षांश ६५ उत्तर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्तापासून फार दूर नाही. लोकसंख्या २ लाखांहून अधिक. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथील दिवस अवघा साडेतीन तासांचा असतो. जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत सरासरी तपमान शून्याखाली १० अंशांच्या आसपास राहते आणि काही दिवस ते २० अंशांच्याही खाली जाते. समुद्र गोठतो. भूमी बहुतांशी सपाट आहे, हीच काय ती निसर्गाने सायकलीवर केलेली कृपा.

या नगरात पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी बांधलेल्या मार्गांची एकूण लांबी ९०० किलोमीटरपेक्षा अधिक आहे. मोटाररस्त्यांखालून जाणारे भुयारी मार्ग ३०० हून अधिक आहेत. वर्षभरातील एकूण फेऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा सायकलीने होतो, आणि ऐन हिवाळ्यातही दहांपैकी एकाहून अधिक फेऱ्या सायकलीनेच होतात. मेत्सोकांगास या वस्तीतील शाळेचे उदाहरण अलीकडच्या वर्षांत जगभर गाजले. शून्याखाली १७ अंश तपमान असतानाही तेथील सुमारे १,२०० विद्यार्थ्यांपैकी सुमारे १,००० विद्यार्थी सायकलीने आले होते, आणि शाळेच्या आवारात बर्फात उभ्या असलेल्या सायकलींच्या रांगा पाहून दूरदूरचे लोक चकित झाले. मुलांना मात्र त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

शरीर आणि थंडी

अशा थंडीत सायकल चालविणे शरीरास कसे मानवते, हे प्रथम पाहिले पाहिजे. पायडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यापैकी सुमारे एक चतुर्थांश भागच चाक फिरविण्याच्या कामी येतो. उरलेला तीन चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणजे सायकलस्वार हा जणू आपली शेगडी बरोबर घेऊनच निघालेला असतो. छाती, पाठ व मांड्या यांना थोड्याच वेळात ऊब येते. अडचण असते ती हातापायांची बोटे, कान, नाक व गाल यांची. थंडीत शरीर या टोकांकडील रक्तप्रवाह आखडून घेते आणि मध्यभागाची उष्णता राखते. त्यातच हात हँडलवर स्थिर असतात आणि समोरून वारा लागत असतो.

हा वारा सायकलीच्या वेगानेच निर्माण होतो. हवा स्तब्ध असली तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास तेवढाच वारा तोंडावर घ्यावा लागतो. कॅनडा व अमेरिका येथील हवामान खात्यांनी २००१ पासून वापरात आणलेल्या सूत्रानुसार, शून्याखाली १० अंश तपमानात असा वारा असल्यास उघड्या त्वचेला शून्याखाली १८ अंशांची थंडी जाणवते. आणि शून्याखाली २० अंश तपमान असल्यास ती शून्याखाली ३० अंशांसारखी भासते. यावरील उपाय सोपा आहे : वेग कमी ठेवणे. ओउलूमध्ये हिवाळ्यात कोणी शर्यत करीत नाही. संथ गतीने गेल्यास वाराही कमी लागतो आणि घामही कमी येतो.

थंडीत घाम हाच खरा शत्रू होय. सायकलीवरून उतरताच घामाने भिजलेले वस्त्र अंगातील ऊब झपाट्याने शोषून घेते. सुती कापड ओले झाले की ओलेच राहते, म्हणून अंगालगत लोकरीचे वस्त्र घालतात. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब टिकवून धरते. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते आणि गरज नसेल तेव्हा एखादा थर काढता येतो. घरातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, असा अनुभवी लोकांचा नियम आहे. दारातच उबदार वाटले, तर पुढे घाम येणार हे निश्चित. हातमोजे पाच बोटांचे असण्यापेक्षा चारी बोटे एकत्र राहतील असे बरे, कारण बोटे परस्परांना ऊब देतात.

नाक किंवा गाल पांढरा पडून बधिर होऊ लागल्यास ते हिमदंशाचे लक्षण समजावे. त्या जागी बर्फ चोळण्याची जुनी समजूत चुकीची व घातक आहे. वाऱ्याच्या आडोशाला जाऊन उघड्या हाताने ती जागा झाकावी व लवकर घरात जावे. दम्याचा विकार असणाऱ्यांना थंड, कोरड्या हवेतील जोराचा श्वास बाधतो. त्यांनी नाकातोंडावरून कापड घ्यावे आणि कडाक्याच्या दिवशी सायकल टाळावी.

यंत्राची काळजी

हिवाळ्यासाठी फार महागडी सायकल लागते, हाही एक गैरसमज आहे. ओउलूच्या रस्त्यांवर बहुतांशी साध्या, जुन्या सायकलीच दिसतात. नाजूक व किमती यंत्र हिवाळ्यात लवकर खराब होते. काही गोष्टींकडे मात्र लक्ष द्यावे लागते.

थंडीत हवा आकुंचन पावते. २० अंश तपमानाच्या खोलीत ट्यूबमध्ये ३ वातावरणांचा दाब भरला असेल, तर शून्याखाली १० अंशांत तो सुमारे २.६ इतका उरतो. एका दृष्टीने हे इष्टच असते, कारण टायर थोडा मऊ राहिल्यास जमिनीशी त्याचा स्पर्श वाढतो व पकड सुधारते. पातळ वंगण थंडीत घट्ट होते, म्हणून हिवाळ्यास योग्य असे वंगण वापरावे लागते. बर्फात भिजलेली सायकल उबदार घरात नेऊन लगेच पुन्हा बाहेर काढल्यास वितळलेले पाणी ब्रेकच्या तारेत गोठून ब्रेक अडकतो. सायकल सतत थंड जागी ठेवणेच श्रेयस्कर असते. विजेरीचे सेलही थंडीत लवकर उतरतात. आणि जेथे दिवसाचे बहुतेक तास अंधारच असतो, तेथे पुढचा पांढरा व मागचा तांबडा दिवा ही चैन नसून प्राथमिक गरज आहे.

निसरड्या बर्फासाठी टायरमध्ये कठीण धातूची बारीक टोके बसविलेली असतात. पाण्यासारख्या पारदर्शक, कडक बर्फावर ती फार उपयोगी पडतात. बर्फ सर्वांत निसरडा कधी असतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. कडाक्याच्या थंडीत दाबला गेलेला कोरडा बर्फ चाकाला बऱ्यापैकी पकड देतो. त्यावरून जाताना चाकाखाली करकर असा आवाज होतो, आणि तो ऐकून वाटसरूला थंडीचा अंदाजही घेता येतो. याउलट तपमान शून्याच्या आसपास आले, की बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो आणि तोच घात करतो. म्हणजे चाकाच्या दृष्टीने कडक थंडीपेक्षा अर्धवट थंडी अधिक धोक्याची. हिवाळ्यातील अनेक अपघात मोटारीशी टक्कर होऊन नव्हे, तर स्वार एकटाच घसरून पडल्याने होतात. ओउलूही त्यास अपवाद नाही.

रस्ता : सर्व प्रश्नांचे मूळ

येथवर सांगितलेले सर्व उपाय व्यक्तीने करावयाचे आहेत. पण लोकर आणि टायर जगातील कोणत्याही थंड नगरात विकत मिळतात. तरीही तेथील सायकली कोठीत टांगलेल्या राहतात, याचे कारण त्यांच्या दारापुढील रस्ता होय. गुडघाभर भुसभुशीत बर्फातून, किंवा मोटारींनी कडेला लोटलेल्या ढिगातून, कोणत्याही टायरला वाट काढता येत नाही.

ओउलूने हा प्रश्न मुळापासून हाताळला. १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून तेथे सायकलमार्गांचे जाळे नियोजनपूर्वक विणण्यात आले. वाहतूक नियोजनकार माउरी म्युल्युला यांचे नाव या कामाशी निगडित आहे. सायकलमार्ग मोटाररस्त्याला चिकटून न ठेवता दोहोंमध्ये हिरवळीचा पट्टा सोडण्यात आला. उन्हाळ्यात हा पट्टा शोभा देतो. हिवाळ्यात रस्त्यावरून ओढलेला बर्फ साठविण्यास तीच जागा कामी येते. नवी वसाहत आखतानाच तिच्या मधून शाळेकडे, दुकानांकडे व उद्यानाकडे जाणारा सायकलमार्ग आखण्यात आला आणि मोटारींना बाहेरून वळसा घालावयास लावण्यात आले.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोजची निगा. रात्री बर्फ पडला, की प्रमुख सायकलमार्ग सकाळची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, सर्वसाधारणपणे सातच्या आत, साफ करावयाचे असतात. साफ करणे याचा अर्थ डांबर उघडे पाडणे असा नव्हे. भुसभुशीत थर ओढून काढला जातो आणि खालचा पातळ थर दाबून टणक राखला जातो. दातेरी पात्याच्या यंत्राने त्यावर बारीक खाचा पाडतात, जेणेकरून चाकाला पकड मिळावी. जेथे निसरडे असेल तेथे बारीक खडी पसरतात आणि वसंत ऋतूत ती झाडून गोळा करतात. सायकलमार्गांवर मीठ बहुधा टाकले जात नाही. साधे मीठ शून्याखाली १० अंशांच्या पुढे फारसे परिणामकारक ठरत नाही. उलट बर्फाचा चिखल करते आणि साखळीला गंज आणते. रस्त्यावर रंगविलेली चिन्हे बर्फाखाली झाकली जातात, म्हणून काही मार्गांवर सायकलीचे चिन्ह दिव्याच्या झोताने बर्फावर उमटविले जाते.

सर्वच नगरांनी हीच पद्धत उचलावी असे मात्र नाही. स्वीडनमधील लिंकशोपिंग येथील हिवाळा ओउलूइतका कडक नाही. तेथे तपमान वारंवार शून्याच्या वरखाली होते. म्हणून तेथे यांत्रिक झाडूने बर्फ झाडून मिठाचे पाणी शिंपडण्याची पद्धत वापरात आली. त्याच देशातील कार्ल्सकूगा नगराने बर्फ काढण्याचा क्रमच बदलला. पूर्वी मोठे मोटाररस्ते प्रथम साफ होत. पायी व सायकलीने जाणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते, आणि तीन इंच बर्फातून मोटार हाकणे हे त्याच बर्फातून बाबागाडी ढकलण्यापेक्षा सोपे असते, हे ध्यानी घेऊन तेथे पदपथ, सायकलमार्ग व बालवाड्यांच्या वाटा यांना अग्रक्रम देण्यात आला. यंत्रे तीच राहिली. कोणाची वाट आधी मोकळी व्हावी, एवढाच निर्णय बदलला.

मौजेचे मोल

रस्त्याची खात्री पटली, की माणूस कामाखेरीजही बाहेर पडतो. ओउलूयोकी नदीच्या मुखाशी लहान लहान बेटांचे एक उद्यान आहे. त्याचे नाव हुपिसारेत. फिन भाषेत ‘हुपी’ म्हणजे मौज व ‘सारेत’ म्हणजे बेटे. पुलांनी जोडलेल्या या मौजेच्या बेटांवरून हिवाळ्यातही सायकली जातात. झाडांवर हिमाचे थर, खाली बर्फाच्या कडांमधून वाहणारे ओहोळ आणि मावळतीला रेंगाळणारा तांबूस प्रकाश, असा तो देखावा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठे होऊ लागले, की बर्फावरून परावर्तित झालेल्या उन्हाने डोळे दिपतात. कित्येक आठवडे अंधारात काढलेल्या माणसाला त्या उन्हात अर्धा तास सायकल चालविण्याचे सुख किती वाटत असेल, याची कल्पना करता येते.

या मौजेला कोणी क्षुल्लक समजू नये. जेथे हिवाळा पाच महिन्यांचा असतो, तेथे मुलाने घरात कोंडून राहावयाचे, की आपल्या बळावर मित्राच्या घरी जावयाचे, यावर त्याच्या बालपणाचा जवळजवळ अर्धा काळ अवलंबून असतो. वृद्धाच्या बाबतीत तर एकटेपणा व सोबत यांमधील अंतर कित्येकदा एका स्वच्छ वाटेएवढेच असते. २०१३ साली हिवाळी सायकल या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद ओउलू येथे भरली आणि पुढे ती विनिपेग, लेवार्डेन, मिनिआपोलिस, माँट्रियल अशा नगरांत भरत गेली. थंडीवर मात कशी करावी, यापेक्षा रस्ता कोणी, केव्हा व कसा साफ करावा, हाच या विचारमंथनाचा गाभा राहिला.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात बर्फ नाही. पण वाट अडविणारा ऋतू येथेही आहे. कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने चिखल, वाहणारे ओढे आणि रस्त्यावर झुकलेली झुडपे विद्यार्थ्यांची वाट अडवितात. राज्यात मानव विकास कार्यक्रमांतर्गत ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या. सायकल हाती आली, की मुलीचे शिक्षण व तिचे स्वातंत्र्य या दोहोंना चाके लागतात. परंतु जून महिन्यात ती सायकल पडवीत उभी राहिली, तर दोष मुलीच्या धैर्याचा नसतो. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्याची ती ओळख पुसट झाली, तीदेखील पुणेकरांचे पाय दुबळे झाले म्हणून नव्हे. मोटारवाहनांच्या गर्दीत सायकलीची वाट निर्धास्त राहिली नाही, हे त्याचे एक मोठे कारण होय.

ओउलूच्या उदाहरणातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वाट बांधण्याइतकीच तिची निगा महत्त्वाची असते, आणि निगेला ठरलेली वेळ असावी लागते. ‘सातच्या आत’ हे शब्द ‘यथावकाश’ या शब्दापेक्षा अधिक काम करतात. दुसरी, उपाय स्थानिक हवामान पाहून ठरवावा. ओउलूची खडी लिंकशोपिंगला चालत नाही आणि दोन्हीही रत्नागिरीला चालणार नाहीत. तिसरी, कोणाची वाट प्रथम मोकळी करावयाची हा निर्णय अभियंत्याइतकाच लोकप्रतिनिधींचाही असतो.

अभ्यासवर्गात व ग्रामसभेत पुढील प्रश्नांवर चर्चा करता येईल :

१. गावातील किती मुले-मुली पावसाळ्यात सायकल वापरणे सोडून देतात? शाळेने जून व जानेवारी अशी दोन वेळा नुसती मोजणी केली, तरी उत्तर मिळेल.

२. शाळेच्या वाटेवर नेमक्या कोणत्या जागी सायकल हातात धरून चालावे लागते? ती अडचण मोरी, गटार, झुडूप वा दिवा यांपैकी कशाने दूर होईल?

३. त्या जागेची निगा कोणाकडे आहे, आणि ती शाळा भरण्यापूर्वी व्हावी असे कोठे लिहून ठेवले आहे काय?

ओउलूमधील आठ वर्षांची मुलगी काळोख्या सकाळी शून्याखाली १७ अंशांत सायकलीवर बसते, तेव्हा ती शूरत्व दाखवीत नसते. तिच्यासाठी कोणीतरी पहाटेच उठून वाट साफ केली आहे, हे ती गृहीत धरते. मुलांना असे गृहीत धरता यावे, हेच चांगल्या सार्वजनिक व्यवस्थेचे लक्षण होय.